निद्रा, जागृति आणि स्वामित्व

ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत एक मोठा मनोवेधक प्रश्न घेतलेला आहे. गाढ झोपेंत जीव ब्रह्माशीं एकरूप होतो असें एकदां मानलें, म्हणजे सकाळीं जो उठतो तो रात्रीं झोपलेलाच कशावरून, अशी शंका येते. पाण्याच्या मोठ्या सांठ्यांत टाकलेला थेंब तोच म्हणून पुन्हां वेगळा काढतां येत नाहीं. मग ब्रह्मांत मिसळलेला जीव तरी तोच कसा परत यावा? शंकराचार्यांनीं भाष्यांत ही शंका पूर्ण बळानें मांडून तिचें निरसन केलें आहे. त्यांनीं दिलेल्या कारणांपैकीं दोन तर कोणाही प्रापंचिकास पटण्यासारखीं आहेत. आदल्या दिवशीं अर्धवट टाकलेलें काम उठणारा मनुष्य पुढें चालवितो, आणि पूर्वीं काय पाहिलें हें त्याला आठवतें. कार्याची अखंडता आणि स्मृति हीं दोन चिन्हें असल्यावर उठणारा दुसराच कोणी आहे असें म्हणण्यास जागा उरत नाहीं.

हाच प्रश्न आजच्या काळांत अगदीं निराळ्या ठिकाणीं उभा राहिला आहे. आपल्या घरांतील लॅपटॉपचें झांकण मिटलें कीं तो झोपतो आणि उघडलें कीं उठतो. अर्ध्या वाक्यावर सोडलेलें पत्र त्याच वाक्यावर उभें असतें, आणि ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं तींत कांहीं नवल आहे असें वाटत नाहीं. परंतु लिनक्ससारख्या खुल्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपांच्या बाबतींत हें उठणें अनेक वर्षें दैवाधीन होतें, आणि कांहीं यंत्रांत तें आजहि तसेंच आहे. झांकण उघडलें कीं पंखा फिरूं लागे, दिवा लागे, कळ दाबली तर यंत्र आंतून ओहि देई. पण पडदा काळा तो काळाच. यंत्र जागें झालें होतें, परंतु त्याचा डोळा उघडत नव्हता. असें कां होतें याचा शोध घेऊं लागलें असतां आपण तंत्राच्या प्रश्नावरून नीतीच्या प्रश्नावर येऊन पोंचतों. तो प्रश्न असा कीं, पैसे मोजून विकत घेतलेल्या वस्तूचा मालक म्हणजे नक्की कोण?

प्रथम तंत्राची बाजू थोडक्यांत समजून घेतली पाहिजे. १९९६ च्या डिसेंबरांत इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनीं संगणकाच्या वीजव्यवस्थेविषयीं एक सामाईक नियमावलि प्रसिद्ध केली. एसीपीआय या नांवानें ती ओळखली जाते. तींत निद्रेच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. त्यांतील तिसऱ्या पायरीवर, म्हणजे ज्या झोपेचा आपणांस नेहमीं अनुभव येतो तींत, यंत्राची चालू स्मृति तेवढी जिवंत राहील इतकीच वीज तिला मिळते. गणित करणारा मुख्य भाग आणि पडद्यावर चित्र उमटविणारी ग्राफिक्स चिप यांची वीज बंद होते. या चिपमध्यें शेंकडों लहान लहान खाने असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. पडदा किती रुंद, किती उंच, चित्र एका सेकंदांत किती वेळां पुन्हां रेखावयाचें, कोणत्या तारेनें तें बाहेर पाठवावयाचें, हें सर्व त्या खान्यांत भरलेल्या आंकड्यांवर अवलंबून असतें. वीज गेली कीं हे आंकडे पुसले जातात. चिपची स्वतःची मोठी स्मृति असली तर तीहि रिकामी होते. म्हणजे लॅपटॉप उठतो तेव्हां त्याच्या मुख्य स्मृतींत कालचें सर्व कांहीं असतें, पण त्याच्या डोळ्याला आपण कोण व कोठें होतों याची कांहींच आठवण नसते.

ही आठवण त्याला करून देणारा जो प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर असें नांव आहे. झोपण्यापूर्वीं काय काय सांभाळून ठेवावयाचें, आणि उठल्यावर कोणत्या क्रमानें व किती अंतरानें तें परत भरावयाचें, हें ड्रायव्हरला ठाऊक असावें लागतें. यंत्र प्रथम सुरू होतें तेव्हां हें काम चिपसोबत आलेला एक छोटा प्रोग्रॅम करतो. परंतु झोपेंतून उठतांना तो चालेलच असा भरंवसा नसतो. कांहीं लॅपटॉपांत तर एकदां यंत्र सुरू झालें कीं त्या प्रोग्रॅमचा कांहीं भाग स्मृतींतून टाकूनहि दिलेला असतो. जन्माच्या वेळची सुईण रोज सकाळीं उठवावयास येत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. म्हणून उठविण्याचें सारें ओझें ड्रायव्हरवर पडतें, आणि ड्रायव्हर लिहिणाराला चिपच्या अंतरंगाची माहिती असल्यावांचून तें पेलत नाहीं.

येथेंच सर्व गोष्टींचें मूळ आहे. ही माहिती कारखानदाराजवळ असते. तो आपल्या चिपसाठीं जो ड्रायव्हर लिहितो तो बाजारांत अधिक खपणाऱ्या प्रणालीसाठीं, म्हणजे मुख्यतः विंडोजसाठीं लिहितो, आणि त्याचा मजकूर गुप्त ठेवतो. लिनक्सचा गाभा हेलसिंकीच्या लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहावयास घेतला, आणि १९९२ पासून तो अशा परवान्याखालीं आहे कीं कोणीहि तो वाचावा, बदलावा व दुसऱ्यास द्यावा. अशा प्रणालीसाठीं ड्रायव्हर लिहूं इच्छिणारांच्या हातीं चिप होती, पण तिची भाषा नव्हती.

मग त्यांनीं काय केलें? पावेल माखेक या चेक अभियंत्यानें २००३ ते २००६ या काळांत लिनक्सच्या गाभ्यासोबत मिळणारें एक टिपण लिहिलें होतें. झोपेंतून उठल्यावर पडदा काळा राहतो त्याचें काय करावें, हा त्याचा विषय. त्यांत लॅपटॉपांचे सुमारें आठ वर्ग केले होते. कांहींना कांहीं करावें लागत नाहीं. कांहींना सुरुवातीचा तो छोटा प्रोग्रॅम पुन्हां चालवून दाखवावा लागतो. कांहींना तो उशिरां चालविला तरच मानवतो. कांहींना आधीं सर्व नोंदून ठेवून मागाहून परत भरावें लागतें. पुढें कोणत्या कंपनीच्या कोणत्या नमुन्याला कोणता उपाय लागू पडला याची यादी. ती वाचतांना आजीबाईच्या बटव्याची आठवण होते. अमक्याला सुंठ, तमक्याला ओवा; गुण येतो हें खरें, पण कां येतो हें कोणी सांगूं नये. मॅथ्यू गॅरेट यांनीं याच काळांत तो छोटा प्रोग्रॅम हवा तेव्हां चालवितां यावा म्हणून एक साधन तयार केलें, आणि कित्येकांचे पडदे त्यानें उजळले. परंतु ज्ञानाच्या जागीं अदमास बसवावा लागला होता, हें कोणास नाकारतां येणार नाहीं.

खरी सुधारणा २००९ च्या मार्चमध्यें झाली. तोंपर्यंत पडद्याची मांडणी करण्याचें काम प्रणालीच्या गाभ्याबाहेरचा एक प्रोग्रॅम करीत असे. यंत्र उठलें तरी तो स्वतः जागा होईपर्यंत पडद्याला वाली नसे. आतां हें काम गाभ्याच्याच हातीं आलें, प्रथम इंटेलच्या चिपांसाठीं आणि मग वर्षभरांत इतरांसाठीं. इंटेलच्या चिपा पहिल्या कां? कारण इंटेलच्या पगारावरील लोक स्वतःच खुला ड्रायव्हर लिहीत होते, आणि २००८ च्या आरंभीं त्या कंपनीनें आपल्या चिपांचीं विस्तृत पुस्तकेंहि सर्वांस खुलीं केलीं होतीं. २००६ मध्यें एटीआय ही कंपनी विकत घेणाऱ्या एएमडीनेंहि २००७ च्या सप्टेंबरांत असेंच जाहीर केलें, आणि रजिस्टरांचीं कोष्टकें कोणतीहि गुप्ततेची शपथ न घेतां लोकांस मिळूं लागलीं. ज्यांनीं सांगितलें त्यांचीं यंत्रें आधीं नीट उठूं लागलीं, हा क्रम योगायोगाचा नाहीं.

आतां नीतीच्या प्रश्नाकडे वळूं. एखादी वस्तु माझी आहे म्हणजे काय? ती मी वापरूं शकतों, दुसऱ्यास देऊं शकतों, विकूं शकतों, मोडूं शकतों, असें सर्वसाधारण उत्तर आहे. लॅपटॉपच्या बाबतींत हे सर्व अधिकार गिऱ्हाइकास असतात. पण त्या यंत्राला कोणत्या प्रणालीवर चालवावें हें ठरविण्याचा अधिकार कागदोपत्रीं त्याचा असला, तरी त्या प्रणालीवर यंत्र झोपेंतून उठवावयाचें ज्ञान तिसऱ्याच्या तिजोरींत असेल, तर हें स्वामित्व केवढें? घर माझें, पण आंतून लावलेली कडी बाहेरून कशी निघते हें बांधणारालाच ठाऊक. आणि तो सांगतो कीं, मी दिलेला नोकर ठेवाल तर तो कडी काढील, दुसरा ठेवाल तर मला विचारूं नका. अशा घराला आपण भाड्याचें म्हणणार नाहीं, पण आपलें म्हणतांनाहि जीभ अडखळेल.

यावर पहिला आक्षेप सहज सुचणारा आहे. आपल्या मनगटावरील घड्याळ आंतून कसें चालतें हें आपणांपैकीं कितीजणांस ठाऊक असतें? तें ठाऊक नाहीं म्हणून घड्याळ आपलें नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. आक्षेप खरा आहे, परंतु त्यांत दोन निराळ्या गोष्टींची गफलत आहे. ठाऊक नसणें ही एक गोष्ट, आणि ठाऊक होऊं न देणें ही दुसरी. घड्याळ मला कळत नाहीं, पण तें उघडून पाहण्यास कोणी आडकाठी करीत नाहीं, आणि जो कारागीर तें उघडून पाहतो त्याला चाकें व कमान दिसतात. माझें अज्ञान माझ्या आळसाचें किंवा सवडीच्या अभावाचें आहे. तें कोणी माझ्यावर लादलेलें नाहीं. चिपचें तसें नाहीं. ती उघडून डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं. अत्यंत कुशल मनुष्यालाहि कोणत्या खान्यांत कोणता आंकडा भरावयाचा हें केवळ निरीक्षणानें समजण्यास वर्षें लागतात. म्हणून तेथें मौन धरणें म्हणजे कुलूप घालणेंच होय.

या प्रश्नाची जाणीव ज्या प्रसंगानें जगाला प्रथम तीव्रतेनें झाली तोहि ड्रायव्हरचाच होता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटीच्या प्रयोगशाळेंत झेरॉक्स कंपनीचें एक नवें छपाईयंत्र आलें. जुन्या यंत्रांत कागद अडकला तर सर्वांस तशी सूचना जावी अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनीं केली होती. नव्या यंत्राचा मूळ मजकूर मिळेना म्हणून ती करतां येईना. तो ज्याच्याजवळ होता अशा दुसऱ्या विद्यापीठांतील एका गृहस्थाकडे त्यांनीं तो मागितला, तेव्हां गुप्ततेचें वचन दिल्याचें सांगून त्यानें नकार दिला. १९८३ मध्यें स्टॉलमन यांनीं जी खुल्या प्रणालीची चळवळ सुरू केली तिच्या मुळाशीं हा नकार होता, असें ते स्वतः सांगत आले आहेत. त्या गृहस्थानें कायदा मोडला नव्हता. उलट वचन पाळलें होतें. पण शेजाऱ्याला मदत करणार नाहीं असें वचन आधींच देऊन बसणें नीतीला धरून आहे काय, हा खरा प्रश्न. आपल्या पूर्वजांनीं विहीर खाजगी मानली, पण तहानलेल्यास पाणी न देण्याची शपथ कोणी घेतली असती तर तिला व्रत म्हटलें नसतें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कारखानदारानें बुद्धि, श्रम आणि पैसा ओतून चिप बनविली. तिचें रहस्य त्याचें धन आहे. तें प्रतिस्पर्ध्याच्या हातीं पडलें तर त्याचा धंदा बुडेल. हें म्हणणें आम्ही हलकें समजत नाहीं. परंतु समाजानें अशा धनाच्या रक्षणाचा एक मार्ग फार पूर्वींच काढून ठेवला आहे, आणि तो म्हणजे पेटंट. शोध लावणाऱ्यास वीस वर्षें मक्ता मिळतो, आणि त्याच्या मोबदल्यांत त्यानें शोधाचें वर्णन जगापुढें मांडावयाचें असतें. हा उभयपक्षीं न्याय आहे. गुप्ततेंत मात्र एकाच बाजूला लाभ आहे. मक्ता अमर्याद, आणि मोबदला शून्य.

शिवाय काय मागितलें जातें हेंहि नीट पाहिलें पाहिजे. चिप कशी बनवावी हें कोणी विचारीत नाहीं. तिच्याशीं बोलावें कसें एवढेंच विचारलें जातें. हलवायाला मिठाईची कृति मागणें निराळें, आणि मिठाई ज्या डब्यांतून विकली त्याचें झांकण कसें उघडावें हें विचारणें निराळें. या दोहोंमधील रेषा नेहमींच स्वच्छ असते असें नाहीं. एएमडीनें २००७ नंतर बहुतेक माहिती दिली, तरी चलच्चित्रें उलगडणाऱ्या भागाविषयीं ती बरींच वर्षें गप्प राहिली. चित्रपटांच्या नकला होऊं नयेत म्हणून घातलेल्या कुलुपांशीं त्या भागाचा संबंध होता. २०१३ च्या एप्रिलांत त्याचाहि खुला ड्रायव्हर तिनें दिला. रेषा कोठें ओढावी हें कठीण असलें तरी ओढतां येतें, आणि ती ओढल्यानें कंपनी बुडाली नाहीं, एवढें या उदाहरणावरून दिसतें.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. गिऱ्हाइकावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्यानें दुसरें यंत्र घ्यावयाचें होतें. पण संमति ही माहितीवर उभी असते. लॅपटॉपच्या खोक्यावर त्याचें वजन आणि पडद्याची रुंदी छापलेली असते. खुल्या प्रणालीवर हा झोपेंतून उठेल कीं नाहीं हें छापलेलें नसतें. आणि यंत्राचें आयुष्य कंपनीच्या आस्थेपेक्षां मोठें असतें, हीहि गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. एनव्हिडिया कंपनीनें २००६ पासून विकलेल्या चिपांच्या कांहीं पिढ्या ज्या ड्रायव्हरवर चालत त्याची देखभाल तिनें २०१९ अखेर थांबविली. चिपा मेल्या नव्हत्या. पण लिनक्सचा गाभा पुढें सरकत राहिला, आणि बंद ड्रायव्हर कंपनीवांचून कोणास दुरुस्त करतां येईना. मालक जिवंत, वस्तु जिवंत, आणि दोहोंमधला दुभाषा मात्र निवृत्त.

या कंपनीचा इतिहास या संपूर्ण प्रश्नाचा जणूं सारांश आहे. तिच्याकडून माहिती मिळेना तेव्हां कांहीं स्वयंसेवकांनीं नूव्हो या नांवानें खुला ड्रायव्हर लिहावयास घेतला. फ्रेंच भाषेंत त्या शब्दाचा अर्थ नवा. त्यांची रीत अशी कीं, कंपनीचा ड्रायव्हर चालू असतांना तो चिपमधील कोणत्या खान्यांत कोणते आंकडे लिहितो हें टिपून घ्यावयाचें, एकच गोष्ट थोडी बदलून पुन्हां टिपावयाचें, आणि फरकावरून अर्थ बसवावयाचा. अज्ञात लिपि वाचणारा पंडित शिलालेखांपुढें बसून जें करतो तेंच हें. भेद इतकाच कीं तेथें लिहिणारे केव्हांच काळाच्या आड गेलेले असतात, आणि येथें ते जिवंत असून बोलत नाहींत. या रीतीनें त्यांनीं अनेक पिढ्यांच्या चिपा बोलत्या केल्या, झोपेंतून उठत्याहि केल्या. पुढें २०१४ मध्यें जी पिढी निघाली तिच्यापासून चिपच्या आंतील महत्त्वाचे प्रोग्रॅम कंपनीच्या सहीशिवाय चालेनासे झाले. परिणाम असा कीं, चिपची गति वाढविण्यासारख्या गोष्टी बाहेरच्या मनुष्यानें समजून घेतल्या तरी त्याला करतां येईनात. न सांगण्यापासून न ऐकण्यापर्यंत हा प्रवास झाला. न सांगणें कदाचित् कृपणपणा म्हणून सोडून देतां येईल. परंतु विकलेली वस्तु तिच्या मालकाचें ऐकणार नाहीं अशी व्यवस्था तींतच करून ठेवणें हा कृपणपणा नव्हे. ती विक्रीनंतर मागें राखलेली सत्ता आहे.

न्यायाची दृष्टि ठेवावयाची तर दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. २०२२ च्या मे महिन्यांत याच कंपनीनें आपल्या नव्या चिपांसाठीं गाभ्यांत बसणारा ड्रायव्हरचा भाग खुला केला. मात्र पूर्वीं ड्रायव्हरांत असलेलें पुष्कळसें काम आतां चिपमध्येंच असलेल्या एका छोट्या गणकाकडे गेलें आहे, आणि त्याचा प्रोग्रॅम बंदच आहे. दिवाणखाना उघडला, माजघर नाहीं. तरीहि एवढ्यानें झालेला फायदा खरा आहे, आणि तो मान्य न करणें कोतेपणाचें होईल.

आतां जें सांगावयाचें तें खुलेपणाच्या कैवाऱ्यांस कदाचित् आवडणार नाहीं. माहिती खुली झाली म्हणजे यंत्र आपोआप उठूं लागतें असें नाहीं. इंटेल व एएमडी यांचे ड्रायव्हर खुले आहेत, तरी त्यांच्या यंत्रांतहि पडदा काळा राहण्याच्या तक्रारी होत आल्या आहेत. एक उदाहरण देतों. स्वतंत्र स्मृति असलेली चिप झोपण्यापूर्वीं आपल्या स्मृतींतील मजकूर मुख्य स्मृतींत हलविते. मुख्य स्मृति आधींच भरलेली असेल तर कांहीं भाग डिस्कवर उतरवून जागा करावी लागते. पण झोपण्याची तयारी पुढें गेलेली असून डिस्कच आधीं झोपलेली असेल तर? सामान हलवावयाचें, पण कोठीची किल्ली घेऊन कोठावळा निजला. एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरांत २०२३ च्या सुमारास ही हलवाहलव आधींच्या टप्प्यावर, म्हणजे सर्व जागे असतांनाच, करण्याची व्यवस्था झाली. येथें गुप्ततेचा दोष नव्हता. क्रमाचा विचार अपुरा होता, आणि कोणीतरी बसून तो पुरा करावा लागला. बंद ड्रायव्हरांतहि ही अडचण होतीच. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची मांडणी अनेक वर्षें अशी होती कीं, मुद्दाम सांगितल्यावांचून तो चित्रस्मृतींतील अत्यावश्यक तेवढाच भाग सांभाळी. बाकीचा सांभाळावयाचा तर एक निराळी सूचना द्यावी लागे आणि डिस्कवर तेवढी जागा दाखवावी लागे. ती न दिल्यास उठल्यावर चित्रें विस्कटलेलीं दिसत. फरक एवढाच कीं, खुल्या ड्रायव्हरांतील चूक कोणाहि जाणत्याला शोधतां येते, आणि बंद ड्रायव्हरांतील चूक धन्याची मर्जी होईपर्यंत थांबते.

म्हणून ज्ञानाच्या हक्कासोबत एक कर्तव्यहि येतें. ज्याला वाचतां येतें त्यानें वाचलें पाहिजे. ज्याला दोष दिसला त्यानें तो नीट लिहून कळविला पाहिजे. उठविण्याचें काम मोठें कृतघ्न आहे. तें साधलें कीं कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं, आणि फसलें कीं सर्वांच्या तोंडीं होतें. त्यांत कांहीं लबाडीहि पदरीं घ्यावी लागते. यंत्रांतील मूळ प्रोग्रॅम प्रणालीला विचारतो, तूं कोण? लिनक्स उत्तर देतो कीं मी विंडोज आहें, कारण खरें नांव सांगितलें तर ज्या वाटेनें कारखानदारानें कधीं चालून पाहिलें नाहीं त्या वाटेवर यंत्र जाऊन पडतें. सन २००७ च्या सुमारापासून, तूं लिनक्स आहेस काय, असें विचारल्यास नाहीं म्हणावयाचें हीच त्याची नेहमींची रीत आहे. नियमावलि सर्वांसाठीं छापलेली, पण परीक्षा मात्र एकाच पाहुण्याला डोळ्यांपुढें ठेवून घेतलेली. अशा घरीं इतरांना त्याच्या नांवानें आंत यावें लागतें. या असत्याचें पाप बोलणाऱ्यापेक्षां बोलावयास लावणाऱ्यावर अधिक आहे, असें आम्हांस वाटतें.

आतां ज्या वाचकाला या कशांतच गम्य नाहीं, तो विचारील कीं, मला याचें काय? मी रजिस्टरांचीं कोष्टकें वाचणार नाहीं, माझीं मुलेंहि वाचणार नाहींत. परंतु कायद्याचीं पुस्तकें तरी आपणांपैकीं किती लोक वाचतात? तरीहि कायदा प्रसिद्ध केलेला असावा असा आपला आग्रह असतो, आणि गुप्त कायद्यानें शिक्षा झाली तर तिला आपण जुलूम म्हणतों. मी स्वतः वाचत नसलों तरी माझा वकील वाचूं शकतो, माझा शेजारी वाचूं शकतो, आणि कोणीतरी वाचूं शकतो हें राज्यकर्त्यालाहि ठाऊक असतें. एवढ्यानेंच तो जपून वागतो. ज्ञानाच्या खुलेपणाचा लाभ अशा रीतीनें न वाचणारालाहि मिळतो. ज्या गृहस्थाचा दहा वर्षांचा लॅपटॉप खुल्या प्रणालीवर अजून सकाळीं मुकाट्यानें उठतो, त्यानें एकहि कोष्टक पाहिलेलें नसतें. पण तें कोणीतरी पाहिलें म्हणूनच तो उठतो.

कारखानदाराकडून फार मागावें असें आम्हांस वाटत नाहीं. त्यानें आपलीं सर्व रहस्यें चव्हाट्यावर मांडावीं असें नाहीं. वस्तु झोपविणें, उठविणें, आणि तिनें आपलें अर्धवट राहिलेलें काम पुढें चालविणें, एवढ्यापुरतें जें ज्ञान लागतें तें वस्तूबरोबरच विकलें गेलें असें त्यानें समजावें. हें अव्यवहार्य नाहीं. २०१८ मध्यें लेनोव्होच्या एका नांवाजलेल्या लॅपटॉपांतून झोपेची ती जुनी तिसरी पायरी काढून टाकलेली होती, आणि खुल्या प्रणालीवर तो मिटलेल्या झांकणाखालीं बॅटरी खात राहत असे. लोकांनीं गाऱ्हाणें केलें, आणि त्याच वर्षीं कंपनीनें यंत्राच्या मूळ प्रोग्रॅममध्यें एक पर्याय घालून ती पायरी परत दिली. त्या पर्यायाला लिनक्स हेंच नांव दिलें. बदल लहान होता, खर्चहि फारसा नसावा. पण आपण विकलेल्या वस्तूचा मालक आपणांस नको असलेला नोकरहि ठेवूं शकतो, आणि तरीहि वस्तु त्याचीच राहते, हें तत्त्व त्यांत मान्य झालें. तेवढें सर्वांनीं मान्य केलें, तर पुढच्या पिढीला झोपलेल्या यंत्रापुढें अदमासाच्या याद्या घेऊन बसावें लागणार नाहीं.